दगडी अंगरखा

(अंतानानारिवो, मादागास्कर)

खरा महाल तू पाहिलाच नाहीस,
रावाउनासुलु म्हणते, तिकीट फाडता फाडता.
हे चार बुरूज, या कमानी, हा नुसता अंगरखा.
आत होता तो लाकडाचा.

जिवंतांना लाकूड, मेलेल्यांना दगड,
अशी आमची रीत होती.
मग एका राणीला वाटलं, महालालाही थंडी वाजत असेल.
चढवला दगड चहूकडून.
म्हातारे तेव्हाच म्हणाले म्हणे,
जित्या घराला थडगं नेसवलं.

मधोमध एकच खांब.
पूर्वेच्या रानातून ओढत आणलेला;
वाटेत चिखल, जळवा, ताप.
दोरखंडाला किती माणसं?
कुणी पाच हजार सांगतं, कुणी दहा.
मेलेली कुणी मोजली नाहीत.
माझ्या खापरपणजोबांचा खांदा होता त्यात,
उरलेलं आयुष्य ते एका अंगाला कलून चालले.
मजुरी?
राणीची सेवा ती. सेवेला मजुरी नसते.

आग लागली तेव्हा मी एकोणीस वर्षांची.
नोव्हेंबर. खाली तळ्याकाठी जॅकरांडा फुललेला,
जांभळ्यावर तांबडा उजेड.
सगळी टेकडी धावत वर.
हातोहात खुर्च्या, तसबिरी, छत्र्या;
माझ्या हाती एक कुलूप आलं, गरम,
ते मी ओच्यात घेतलं. अजून डाग आहे, बघ.
खांब मात्र शेवटपर्यंत उभा.
मग बसला, दमलेला माणूस बसतो तसा.

घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात.
इथे वासे गेले, घर राहिलं. आभाळासकट.

वडील रात्रपाळीचे पहारेकरी.
तिसऱ्या दिवशी घरी आले,
रुमालात खांबाचा कोळसा, मुठीएवढा.
ईशान्येच्या कोपऱ्यात ठेवला, पूर्वजांच्या जागी,
आणि झोपले.
आई बाजारातून आली. तिला काय ठाऊक?
शेगडीला कोळसा कमी पडत होता.

भात छान झाला होता.
वडील उठले, कोपरा पाहिला, शेगडी पाहिली,
काही बोलले नाहीत.
पाटावर बसून दोनदा वाढून घेतलं.
मग करपलेल्या बुडात पाणी ओतून उकळलं आम्ही
आणि प्यायलो,
रोजच्यासारखं.

आता आत सिमेंट आहे.
जा, बघून ये.
उंबरा उंच आहे हं,
पाय जपून.