पाणी अडलंय

सकाळी सात वाजता दिओलिंदाचा फोन.
चार वर्षांनी.
"मशीनमधलं पाणी जात नाहीये," म्हणाली,
"तुला पंपातलं कळतं."
कसा आहेस वगैरे काही नाही.

बत्तीस वर्षं मी लेशोइंशच्या धक्क्यावर
जहाजांच्या पोटातलं पाणी उपसलं.
म्हणून गेलो.
निदान बसमध्ये स्वतःला असंच सांगितलं.

तिसरा मजला, ओलसर ग्रॅनाइटच्या पायऱ्या,
दारावर आता दोन नावं.
फाउस्तोने दार उघडलं. माणूस चांगला आहे,
तेच मला आवडत नाही.

सिंक नवं, ओटा नवा, नळ हंसासारखा.
"सगळं फाउस्तोने स्वतः बसवलं, गेल्या रविवारी,"
ती सांगत होती. मी मशीनसमोर बसलो.
गोल काचेआड राखाडी पाणी अर्ध्यावर,
त्यात त्याचे शर्ट,
बाजारातल्या टाकीत वाम पडून असावी तसे.
एखाद्याला पाण्यात पाहणं म्हणजे काय
ते मला तिथे नीट कळलं.

गाळणी जमिनीपासून दोन बोटांवर.
बादली खाली शिरत नाही.
मशीनचा नकाशा काढणाऱ्याने
आयुष्यात कधी लादी पुसली नसावी.
दिओलिंदाने न विचारता ओव्हनचा ट्रे आणून दिला,
नाताळात आम्ही ज्यात खारवलेला कॉड भाजायचो तोच,
कोपऱ्यातला पोचा माझ्या हातचा.
झाकण पाव फेरा सैल. ट्रे भरला. झाकण घट्ट.
टबात ओतायचा, पुन्हा आणायचा.
अकरा वेळा. मोजायची सवय जात नाही.
मी भरत होतो, फाउस्तो नेत होता,
आमच्या चार हातांमध्ये पाणी हिंदकळत होतं
आणि दोघांपैकी कोणीच ते सांडू देत नव्हतं.

शेवटचा ट्रे घेऊन तो गेला, तेव्हा गाळणी बाहेर काढली.
स्वच्छ. एक धागासुद्धा नाही.
आत बोट घातलं. पंख्याचं पातं फिरलं,
जरा अडखळत, फिरायला हवं तसंच.
मागची नळी सोडवून फुंकर मारली,
वारा आरपार.
मशीनचा काही गुन्हा नव्हता.
तरी पाणी कुठेतरी मुरत होतं.

गुडघ्यांवर सिंकखाली शिरलो.
नव्या सायफनला मशीनच्या नळीसाठी एक तोंड असतं,
त्या तोंडावर कारखान्यातूनच एक चकती येते,
पांढरी, पातळ, दोन युरोच्या नाण्याएवढी.
नळी जोडण्याआधी ती फोडायची असते.
कोणी फोडली नव्हती.

फाउस्तो मागे टॉर्च धरून उभा होता,
उजेड सगळा माझ्या पाठीवर.
एक वाक्य पुरलं असतं.
मी ते जिभेवर घोळवलं, खारट लागलं, गोडही.
मग स्क्रूड्रायव्हरची एक टिचकी.
चकती तळहातावर पडली, तळहात खिशात गेला.
बाहेर येऊन म्हणालो,
"काही नाही. गाळणीत केसाची पिन होती."

नळी जोडली, बटण दाबलं,
सायफनचा घसा खळखळला
आणि फाउस्तोने चक्क टाळी वाजवली.
कॉफी झाली. साखर किती, त्याने विचारलं.
तिने विचारलं नाही, दोन चमचे घातले.
डॉक्टरांनी माझी साखर कधीच बंद केलीय.
प्यायलो.

रात्री पुन्हा फोन.
मागे कुठेतरी मशीन पिळत होतं, शेवटचा जोर लावून.
"अन्सेल्मो, गाळणी मी
तुला बोलावण्याआधीच धुतली होती.
पिन कुठली?"
मी गप्प.
"आणि पिना मी लावतच नाही आता.
केस कापलेत. कानापर्यंत.
दोन तास घरात होतास,
दिसलं नाही तुला?"

खिशात बोटाने चकतीची कड चाचपत राहिलो,
एका जागी खरखरीत होती, तुटलेली.
नाही, दिसलं नव्हतं.
मी मशीन बघत होतो.