घोळणा

मे महिन्यात सोलापुरात घोळणा कुणाचाही फुटतो.
केसपेपरच्या खिडकीत बसून मी सतरा वर्षं तेच लिहिलं:
ऊन. लूमवरची रुई नाकात गेली. ऊन.
आया कांदा फोडून पोराच्या नाकाशी धरतात
आणि रांगेत उभ्या राहतात.

यंदा हत्तुरेबाई डॉक्टर
माझ्या रजिस्टरात पेन्सिलीनं टिंबं द्यायला लागल्या.
मार्चात तीन. एप्रिलात अकरा.
"हे उन्हाचं नाही, मल्लिनाथ," एवढंच म्हणाल्या.

मंगळवारी बैठक.
टेबलाच्या अलीकडे दवाखाना, पलीकडे खाकी,
आणि कडेच्या खुर्चीत, मांडीवर रजिस्टर दाबून, मी.
कोळेकरसाहेब म्हणाले, यादी द्या.
बाई म्हणाल्या, यादी दिली तर उद्या खिडकीशी कोण येईल?
साहेब म्हणाले, आणि नाही दिली तर परवा किती येतील?
दोघंही खरं बोलत होते.
पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता.

चहा दोनदा झाला.
सोयरीक जमवावी तसं एकेक कलम ठरलं,
पाठकोऱ्या कागदावर मावेल एवढं:
दवाखान्यानं आकडा द्यायचा, पेठ सांगायची, वार सांगायचा.
नाव नाही.
पोलिसांनी पकडलेल्या मालात काय निघालं
ते त्याच रात्री वॉर्डाला कळवायचं.
आणि फाटकापाशी गाडी लावायची नाही.

गुरुवारी माझी रात्रपाळी. दीडला फोन वाजला.
"कोळेकर बोलतोय. आजच्या पुड्यांत दुसरंच काहीतरी कालवलंय.
बाईंना उठवा."

तीनला अशोक चौकाकडून रिक्षा आली.
विड्या वळणारी बाई, बोटं तंबाखूनं पिवळी,
एका हातात पोराचं डोकं, दुसऱ्यात फोडलेला कांदा.
"उन्हानं झालं हो," म्हणाली.
रात्रीच्या तीनला.
हत्तुरेबाई आधीच दारात उभ्या होत्या, हातमोजे घालून.

मी सवयीनं विचारलं, नाव?
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे,
जिथं लिंबाखाली एक मोटारसायकल
दिवा मालवून थांबली होती.
फाटकापासून लांब, ठरल्याप्रमाणे.
तरी होतीच.

"इथं सांगितलेलं इथंच राहतं," मी म्हटलं.
माझा मलाच अर्धामुर्धा विश्वास.

कांदा खिडकीच्या कट्ट्यावर विसरून ती आत पळाली.
उजाडेपर्यंत माझे डोळे चुरचुरत होते.

तिनं सांगितलं ते नाव
इथंही लिहीत नाही.