पंधराशे अडतीस

तीन वर्षं झाली, आकडा हलत नाही.
सांगलीत बारा मिळवले,
निपाणीत चौदा घालवले,
एस.टी.त खिडकीशी बसून डाव परत मांडला नाही,
उसाच्या ट्रॉल्या मोजत आलो.

भाऊसो मगदूम शेजारच्या मशीनवरून ओरडतो,
'लगा, तुझं रेटिंग हाय का आमच्या गल्लीतला पाण्याचा मीटर?'
मी हसतो. टूलला धार लावतो.

उद्यमनगरात लेथवर एकोणीस वर्षं.
बुश, पिना, पंपाचे शाफ्ट.
केसाएवढा फरक बोटाला कळतो.
मालक माझा जॉब मोजत नाही,
नुसता पुसून पेटीत टाकतो.
आणि तोच हात पटावर
प्यादं फुकट देऊन येतो.

काय नाही केलं.
सिसिलियन तेराव्या चालीपर्यंत पाठ केलं,
तिसऱ्याच चालीला लोक दुसरीकडे वळायचे.
रात्री कोडी सोडवली,
मोबाईल नाकावर पडेपर्यंत.
सोमवारी सुट्टीला रंकाळ्यावर बसून
हत्ती-प्याद्यांची अंत्यखेळी वाचली,
भेळेचे डाग आहेत अजून त्या पानांवर.
पंधराशे अडतीस.

मार्चमध्ये शाहूपुरीत, एका कार्यालयात,
लग्नाची झालर अजून छताला लटकलेली,
समोर गडहिंग्लजची मुलगी. शिंत्रे, रेवती.
वय अकरा. पाय जमिनीला टेकत नव्हते.
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेली.
मला वाटलं, पंख्याखाली आहे, गारठली असेल.

एकतिसाव्या चालीला मी एका घोड्यानं वर.
मनात गुण जमा करून टाकले.
हत्ती उचलला, ठणकन् ठेवला,
उठून चहाला जायला निघालोसुद्धा.

ती बघत राहिली.
पट बघितला, माझा राजा बघितला,
स्वतःच्याच तीन प्याद्यांमागं कोंडलेला,
आणि त्याच्यामागची ती उघडी पट्टी,
जिथून हत्ती मीच हलवला होता.
मग उजवा हात बाहेर काढला. फक्त उजवा.

मात.

सही करताना विचारलं,
हात दाबून का बसतीस गं?
म्हणाली, 'हात आधी जातो, काका.
डोकं मागनं येतं.'

रात्री बुटांचा खोका काढला.
सत्त्याण्णव डावांचे कागद,
चालीशेजारी उरलेली मिनिटं लिहायची माझी जुनी खोड.
हरलेले छत्तीस.
त्यातल्या बावीस डावांत मी वर होतो.
आणि वर असताना
एकेका चालीला आठ सेकंद, सहा सेकंद, चार.
वाईट स्थितीत तासभर रवंथ करणारा माणूस
घर दिसलं की पळत सुटतो.
सिसिलियनचा दोष नव्हता, बिचारीचा.

गुंडूमिस्त्री आठवले.
पहिल्या वर्षी माझ्या डोक्यात टपली मारून म्हणायचे,
'पहिला काप कसाबी घे.
माल वाया जातोय तो शेवटच्या कापाला.
थांब, पूस, माप, परत माप.'
ते बुद्धिबळ खेळत नव्हते.
तीनपत्ती खेळायचे, तेही हरायचे.
तरीही एकोणीस वर्षं मी रोज त्यांचं ऐकलं,
रविवार सोडून.

इचलकरंजीत नऊ वाढले.
पुढच्या महिन्यात कराडला पाच गेले.
म्हणजे पंधराशे बेचाळीस.
भाऊसोला सांगितलं नाही.

आत्ता पाचवी फेरी.
माझं एक प्यादं जास्त, सातव्या पट्टीत पोचलेलं,
एकच घर राहिलंय वजीर व्हायला.
उजवा हात मांडीखालून निम्मा बाहेर आला होता,
परत दाबला.
मुंग्या आल्यात. नखातलं ग्रीस
पॅन्टीला लागलं असणार.
घड्याळात अकरा मिनिटं.
समोरचा पोरगा मान तिरपी करून बघतोय,
या काकांना
थंडी वाजतीय का काय.