सातवं भोक

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांमागे
पत्र्याच्या जिन्याने वर आलात की माझी खोली.
भिंतीवर एकशे बारा पाठी.
फोटो नव्हेत. खाकी कागदावर पेन्सिलच्या रेषा,
बाजूने काढलेल्या, मानेच्या मणक्यापासून माकडहाडापर्यंत.
कुरियरवाला विचारतो, नद्या आहेत का या?
ही स्वारगेट डेपोतल्या ड्रायव्हरची, मी सांगते.
ही शमीम आपांची, चाळीस वर्षं जरीकाम.
ही नववीतल्या मुलीची, जी डावीकडे कलते
आणि शाळेच्या फोटोत दरवर्षी
भिंतीलगतची जागा आधीच धरून ठेवते.

पहिला पट्टा मी पुस्तकातल्या पाठीवर बेतला होता.
पुस्तकातली पाठ उंच होती, पुरुषाची होती,
आणि तिला पोट नव्हतं.
तीन मापं काढली. लहान, मध्यम, मोठं.
मध्यम असं कुणी निघालंच नाही.

मग बोहरी आळीच्या चकरा.
मुर्तझाभाई बकलांचे खोके काउंटरवर उपडे करत
आणि विचारत, बॅगेला लावणार का घोड्याला?
माणसाला म्हटलं की
पाच रुपये कमी करत.
फोम भवानी पेठेतून. रिक्षात फोम बसला,
मी पायी आले.
अ‍ॅल्युमिनियमच्या चार कमच्या, हाताने वाकतील अशा.
पट्टीला सहा भोकं, दीड-दीड बोटावर.
सहा पुरतील, असं माझं गणित होतं.

हिराबाई कुचेकर कोथरूडात कचरा वेचतात.
महिनाभर वापरून बघा, म्हटलं होतं.
पंधराव्या दिवशी जिन्यावर त्यांचा आवाज.
पट्टा उलटा. वरची कड खाली,
बकल पोटावरून डाव्या कुशीत सरकलेलं,
आणि सहाव्या भोकाच्या पुढे
एक सातवं.
दाभणानं पाडलेलं, कड मेणबत्तीवर भाजलेली,
वर सुतळीचे दोन टाके, उसवू नये म्हणून.

मावशी, उलटा घातलाय तुम्ही.

"उलटा न्हाई ताई. तुमी त्यो खुर्चीत बसून काढलाय.
माजी पाठ बसती कवा?
दिसातनं चारशे येळा वाकती.
आन वाकल्यावर लांब हुती, ह्ये बघा."

आणि वाकल्या, फरशीवर पडलेला
माझाच कागद उचलायला.
मी टेप लावला.
उभ्याने बेचाळीस सेंटिमीटर. वाकल्यावर एक्कावन्न.
पुन्हा लावला. एक्कावन्न.
भिंतीवरची एकशे बारा माणसं
नुसती उभी होती.

त्या रात्री सगळं उसवलं.
मागे इलॅस्टिकची कळी घातली, परकराला घालतात तशी.
भोकांच्या जागी सरकती खाच.
ड्रायव्हर म्हणाला, गिअरच्या बाजूला ढिला, दुसऱ्या बाजूला कच.
शमीम आपांना जेवल्यावर सैल हवा
आणि सजद्याला त्याहून सैल.
मुलगी काहीच म्हणाली नाही.
तिच्या आईनं सांगितलं, वर्गात वेल्क्रो काढला
की कर्रर्र वाजतो, सगळे वळून बघतात.
तिच्यासाठी ब्लाउजचे हुक लावले, अकरा.
अकरा हुक लावायला वेळ लागतो.
चालेल, असं तिनं मानेनं सांगितलं.

हिराबाई नवा पट्टा न्यायला आल्या
तेव्हा भिंतीकडे बराच वेळ बघत होत्या.
"यातली तुमची कंची?"

माझी नव्हती.
आपली रेष आपल्याला काढता येत नाही,
हात पोचत नाही तिथवर.

"ऱ्हावा हुब्या."
कागद चिकटवला, पेन्सिल घेतली,
कमरेपाशी थांबल्या, पेन्सिल चाटली, पुढे गेल्या.
खांद्याखाली रेष एकदम बाहेर आली.
हात हलला का, मी विचारलं.
"माजा न्हाई हालला.
पोक काढता तुमी."

मग कंबरेच्या पिशवीतून दाभण काढलं
आणि कागदाच्या वरच्या कडेला,
खिळ्यासाठी,
एक भोक पाडलं.