सामानाची वही

मंगळवारी सात वाजता पत्र्याची शेड उघडते.
हेस्टर ब्लँकली हीटरला लाथ घालते,
तेव्हा कुठे तो पेटतो.

चार कंपन्या, एकवीस तुकड्या.
काउंटीच्या नकाशावर आम्ही म्हणजे
कोबीच्या शेतांपलीकडची
शेवटची टाचणी. पोरं अकरा.

कुणी इतिहास विचारला
तर ती भिंतीवरचे फोटो दाखवत नाही.
वही काढते.

१९४३ : लाकडी बंदुका सहा. ढोल एक, फुटका.
१९५१ : ढोल दुरुस्त.
१९८४ : मुली दोन. त्यांच्या मापाचे बूट नाहीत.
“त्यातली एक मी,” हेस्टर म्हणते,
“टाचेत वर्तमानपत्र कोंबून चालले वर्षभर.”

आज ऑस्टेया आलीय, लिथुआनियाची.
बाप इथे कोबी खुडतो.
चार नंबरचे बूट, टोपी एक, पट्टा एक.
आडनाव मात्र रकान्यात मावेना;
शेजारच्या ‘परत केल्याची तारीख’मध्ये
घुसलं तीन अक्षरं.

हेस्टर पेन थांबवते.
वरती त्या रकान्यात
किती ओळी कोऱ्याच आहेत.
“असू दे,” म्हणते, आणि शाईवर फुंकर घालते.

बाहेर कुणीतरी ओरडतं, सावधान!
अकरा टाचा एकदम वाजतात.
बारावी,
किंचित मागून.