किती दिवसांचं धुराडं

आमच्याकडे, आल्गार्वमध्ये,
धुराड्याची उंची गवंडी विचारत नसे.
रुंदी नाही, विटा किती तेही नाही.
दारात उभा राहायचा, टोपी काढायचा,
म्हणायचा, "किती दिवसांचं हवं?"

दोन दिवसांत साधी जाळी.
पाच दिवसांत जाळीला नक्षी, नक्षीला कंगोरे,
वर मालकाची आद्याक्षरं, जमलं तर कोंबडा.
धूर काय, नुसत्या भोकातूनही गेला असता.
पण धुराकडे बघतो कोण?
लोक खालून जाताना मान वर करून
दिवस मोजायचे.

मी बारा वर्षांचा. जर्मानु मेस्त्रीच्या हाताखाली
चुना कालवायचो, बोरूच्या कामट्या सोलायचो.
बोटांच्या भेगांत चुना इतका मुरलेला
की जेवताना तारलीचं मीठ झोंबायचं
आणि मेस्त्री म्हणायचा, बरं झालं, सावकाश खाशील.

देओलिंदाचं घर बदामांच्या उतारावर, शेवटचं.
नवरा फ्रान्सला. तिथं परक्यांच्या दिवाणखान्यांत
शेकोट्या बांधत होता, संगमरवराच्या.
मनीऑर्डर यायची, पण धापा टाकत यायची.
आणि शेजारी ओलिंपिया,
जिच्या छपरावर चार दिवसांचं धुराडं
एखाद्या पाहुण्या बिशपसारखं बसलेलं.

"एका दिवसाचं," देओलिंदा म्हणाली.
मेस्त्रीनं टोपी परत डोक्यावर घातली.
"एकच. पण जूनमधला. सगळ्यात लांब असतो तो."

मेस्त्री हसला की त्याच्या मिशीतून
चुन्याची भुकटी पडायची. त्या दिवशी पडली.

एकवीस जून. उजाडायच्या आधी शिडी लागली.
ओळंबा सोडला तेव्हा खाली कोंबडीही उठली नव्हती.
विटा, गिलावा, ओल्या गिलाव्यात कामट्यांचे ठोकळे,
ठोकळे निघाले की मागे उरायची भोकं,
चांदणीची, पानाची, उभ्या फटींची.
देओलिंदा दर तासाला वर काहीतरी पाठवी,
सुके अंजीर, पाणी, एकदा उकडलेलं अंडं,
आणि दर वेळी तिचं एकच वाक्य,
"सूर्य अजून आहे हं."

दुपारी ओलिंपिया कुंपणाशी आली.
पायली घासायचं निमित्त. एकच पायली,
अडीच तास.

नऊ वाजले. समुद्राकडची रेघ विझली.
उत्तरेच्या अंगाला एक फट कापायची राहिली होती.
मेस्त्रीनं थापी पुसली. "दिवस संपला, बाई."
ती आत गेली, कंदील घेऊन आली,
शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढून तो वर धरला
आणि काही म्हणाली नाही.
मेस्त्रीनं कंदिलाकडे बघितलं. मग माझ्याकडे.
"कंदिलाला आम्ही दिवस धरत नाही," म्हणाला
आणि खाली उतरला.
मला वाटलं, कापेल. नाही कापली.
भाव म्हणजे भाव.

चूल पेटली तेव्हा तीन बाजूंनी धूर सारखा आला,
चौथ्या बाजूनं नाही.
गावानं त्यालाही नाव ठेवलं, एकडोळं.
ती मात्र सांगत फिरायची, एका दिवसाचं आहे,
मोजा.

आता घर डच जोडप्याचं आहे.
खाली गॅसची शेगडी. धुराड्यात घरटं, बहुधा पाकोळीचं.
ते दोघं मला शोधत आले, माझं वय न बघता.
"रंग द्या, तडा बुजवा,
आणि ती एक फट राहिलीय वाटतं, तीही कापा."

मी शिडी चढलो. गुडघे कुरकुरले.
वर गेल्यावर उत्तरेच्या अंगावरून हात फिरवला.
बंद फटीचा आकार गिलाव्यात पुसट आहे,
मेस्त्रीनं करणीच्या टोकानं आखून ठेवलेला.
म्हणजे कापायचीच होती त्याला.
अर्ध्या तासाचं काम.

तडा बुजवला. चुना दिला, दोन हात.
फट तशीच ठेवली.
किती झाले, त्यांनी विचारलं.
मी म्हणालो, दीड दिवसाचे.
एक केल्याचा.
अर्धा न केल्याचा.