तिंबणारी

हेक्समच्या उतरत्या गल्लीत पहाटे साडेतीनला
एकच खिडकी पेटलेली असते.
डॉर्कस थर्लवेल, वय एकाहत्तर,
कोपरापर्यंत पिठात.

भिंतीवर नगरपालिकेचं पत्र: प्रिय लेडी थर्लवेल.
कुणा कारकुनाची चूक. तिनं ते फाडलं नाही,
फक्त त्यावर मैद्याची बोटं पडू दिली.
"लेडी म्हणे! माझ्या बापानं कोळसा उपसला."

मी वरच्या खोलीत भाड्यानं राहतो, कोशांच्या शेजारी.
झोप येत नाही तेव्हा खाली उतरून पोती उचलतो.
म्हटलं, चूक कसली?
हजार वर्षांपूर्वी इथलीच माणसं म्हणायची ह्लॅफदिये.
ह्लाफ म्हणजे पाव,
आणि दिये, ती कणीक तिंबणारी.
हातमोजे, घोडागाडी, कमरेत वाकणारे नोकर
हे सगळं नंतर चिकटलं.

ती हसली नाही. गोळा उलटा आपटला.
"मग त्यांना सांग, वीजबिल माफ करा."

मी त्या 'दिये'चा माग काढत आणखी मागे गेलो.
तोच मळण्याचा धातू इराणात भिंत झाला,
बागेभोवती थापलेली: पइरि-दएझ.
ग्रीकांनी ऐकली, तोंडातोंडी तिचा पॅरडाइस झाला.
भट्टीपाशी फरझाद थांबला. तो यझ्दचा.
"आजोबांची होती तशी भिंत. पावसाळी हिवाळ्यात खचायची.
मग आम्ही पोरं पेंढा घालून चिखल तुडवायचो.
स्वर्ग म्हणतोस त्याला?
दर वर्षी डागडुजी असायची."
आणि फावड्यानं चार स्टॉटी बाहेर ओढल्या.

"तुझ्याकडे काय उरलं त्या शब्दाचं?"
डॉर्कसनं मान वर न करता विचारलं.

उत्तर तयार होतं. पण तिचे सांधे दिसले,
सुजलेले, अंगठी कधीच न निघणारे;
आधी खांदा पुढे, मग तळवा, मग सगळं वजन,
गोळा दबायचा, पुन्हा हळूहळू वर यायचा,
आणि पिवळ्या दिव्याखाली नीट कळेना
कोण कुणाला तिंबतंय.

देह, मी म्हणालो.

"डे-ह." तिनं तो तोंडात घोळवला,
बोटानं गोळा दाबून पाहिला.
"कोरडा आहे अजून," म्हणाली,
आणि वाटीभर कोमट पाणी ओतलं.